डोपामिनचा पीक तासाभरात निम्म्यावर येतो: दोष ऊतीत, इलेक्ट्रोडमध्ये की रेफरन्समध्ये?

तक्रार नेहमीची आहे. उंदराच्या स्ट्रायटमच्या (डोपामिन भरपूर असलेला मेंदूचा भाग) पातळ, जिवंत स्लाइसमध्ये डोपामिन मोजायला कार्बन फायबर इलेक्ट्रोड बसवला, दर पाच मिनिटांनी एक स्टिम्युलेशन दिलं, डोपामिनच्या करंटचे पहिले काही पीक छान आले. मग प्रत्येक पीक आधीच्यापेक्षा थोडा बुटका होत गेला आणि तासाभरात निम्मा राहिला. औषध टाकायची वेळ येते तेव्हा बेसलाइनच स्थिर नसते. टाकलं, तर दिसलेला फरक औषधाचा की या उताराचा, हे कुणालाच सांगता येत नाही. भूल दिलेल्या उंदरावर काम करणाऱ्यांना हीच अडचण येते, फक्त तिथे इलेक्ट्रोड बाहेर काढून बघायची सोय नसते.

अशा वेळी बहुतेक लॅबमध्ये इलेक्ट्रोड बदलतात. नवा इलेक्ट्रोड बरा चालला की प्रश्न सुटला असं समजतात आणि पुढच्या आठवड्यात तोच उतार पुन्हा दिसतो. त्या रेकॉर्डिंगसाठी एका प्राण्याचा जीव गेलेला असतो, त्यामुळे अंदाजाने भाग बदलत बसणं मला पटत नाही. दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा हातात असलेल्या रेकॉर्डिंगमध्येच दिसतं. फक्त पीकच्या उंचीकडे बघायचं थांबवून त्याच्या जागेकडे बघायला हवं.

खालचं सगळं फास्ट स्कॅन सायक्लिक व्होल्टामेट्रीबद्दल, म्हणजे एफएससीव्हीबद्दल आहे: इलेक्ट्रोडचं व्होल्टेज वेगाने वर-खाली फिरवून येणारा करंट मोजायची ही पद्धत. आकडे नेहमीच्या डोपामिन वेव्हफॉर्मचे (व्होल्टेज फिरवण्याच्या आराखड्याचे): उणे ०.४ व्होल्टपासून अधिक १.३ व्होल्टपर्यंत आणि परत, वेग सेकंदाला ४०० व्होल्ट, सेकंदाला १० फेऱ्या. एक फेरी साडेआठ मिलिसेकंदांत संपते आणि उरलेला वेळ इलेक्ट्रोड उणे ०.४ वर थांबतो. ७.४ पीएचला डोपामिनवर धन भार असतो, म्हणून त्या थांबण्याच्या काळात ते कार्बनवर येऊन चिकटतं. पुढच्या फेरीत वर जाताना ०.६ व्होल्टच्या आसपास ते दोन इलेक्ट्रॉन देऊन क्विनोन बनतं आणि परत येताना उणे ०.२ च्या आसपास पुन्हा डोपामिन होतं. म्हणून सायक्लिक व्होल्टामोग्राममध्ये (पुढे सीव्ही) दोन पीक दिसतात, जातानाचा ऑक्सिडेशनचा आणि येतानाचा रिडक्शनचा.

७ मायक्रोमीटर जाडीच्या या धाग्यावर एवढ्या वेगाने व्होल्टेज फिरवलं की बॅकग्राउंड करंट शेकडो नॅनोॲम्पिअरचा येतो. डोपामिनचा करंट त्यापुढे अगदी किरकोळ, काही नॅनोॲम्पिअर. आपण बॅकग्राउंड वजा करतो म्हणून तो दिसतो. म्हणजेच बॅकग्राउंड जरासा जरी हलला, तरी वजाबाकीत तो डोपामिनएवढा किंवा त्याहून मोठा आकार उभा करू शकतो. हे कायम डोक्यात ठेवा.

चार रेघा एकाच कागदावर

पहिल्या स्टिम्युलेशनचा सीव्ही आणि तासाभरानंतरचा सीव्ही एकावर एक काढा. त्याच दोन क्षणांचे कच्चे, वजा न केलेले बॅकग्राउंडही त्याच कागदावर घ्या. सॉफ्टवेअर बॅकग्राउंड लपवून ठेवतं, म्हणून तो मुद्दाम काढावा लागतो. आता दोन्ही पीक कुठे होते आणि कुठे गेले ते बघा.

दोन्ही पीक एकाच दिशेला, साधारण सारख्याच अंतराने सरकले असतील तर इलेक्ट्रोडला हात लावू नका. रेफरन्सचं, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतो त्या चांदीच्या तारेचं, पोटेन्शियल हललं आहे. अशा वेळी बॅकग्राउंडवरचे उंचवटेही त्याच दिशेला, तेवढेच सरकलेले दिसतात. ही खूण पक्की आहे, कारण कार्बनच्या पृष्ठभागावर काहीही चिकटलं तरी सगळ्या गोष्टी मिळून एकाच बाजूला जात नाहीत.

दोन्ही पीक एकमेकांपासून लांब गेले असतील, म्हणजे ऑक्सिडेशनचा पीक आणखी उजवीकडे आणि रिडक्शनचा आणखी डावीकडे, तर इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण मंदावली आहे. पृष्ठभागावर थर बसला आहे किंवा सर्किटमध्ये कुठेतरी रेझिस्टन्स वाढला आहे. या दोन्हींत फरक करायला बॅकग्राउंड बघा. रेझिस्टन्स वाढला असेल तर बॅकग्राउंडचे कोपरे गोल होतात आणि सगळा आकार तिरका दिसतो. रेफरन्सच्या तारेवर बसलेला बुडबुडा किंवा सुटत आलेला सोल्डरचा जोड हे त्याचं साधं कारण असू शकतं. बॅकग्राउंडची चौकट शाबूत आणि फक्त डोपामिनचे पीक फाकलेले, असं असेल तर थर.

दोन्ही पीक आपल्या जागी आहेत, फक्त उंची गेली आहे, तर बॅकग्राउंडची उंची मोजा. तीही तेवढ्याच प्रमाणात घटली असेल तर द्रावणाला लागलेलं कार्बनचं क्षेत्रफळच कमी झालं आहे: टोकावर बुडबुडा आहे किंवा फायबर तुटलं आहे. उलट बॅकग्राउंड वाढत चालला असेल आणि करंट खरखरत असेल, तर काच आणि फायबर यांच्यामधलं सील गळतं आहे. असा इलेक्ट्रोड दुरुस्त होत नाही, टाकून द्या. बॅकग्राउंड जसाच्या तसा असेल तर मात्र संशय आधी ऊतीवर घ्या. स्लाइस म्हातारी होते, बाथचं तापमान उतरतं, कार्बोजेनचा (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणाचा) पुरवठा कमी पडतो, स्टिम्युलेटिंग इलेक्ट्रोड हलतो. दोन स्टिम्युलेशनमधलं अंतर कमी ठेवलं तर सोडण्याजोगा डोपामिनचा साठा भरून यायलाच वेळ मिळत नाही. पाच मिनिटांचं अंतर ठेवतात ते याचसाठी. घाई म्हणून ते दोनवर आणलं तर उतार दिसणारच, आणि तो उतार खरा असतो.

या शेवटच्या प्रकारात निकाल एकाच चाचणीने लागतो. रेकॉर्डिंग संपल्यावर स्लाइस काढा, इलेक्ट्रोड तिथेच राहू द्या आणि १ मायक्रोमोलर डोपामिन त्याच नळीतून सोडा. सकाळच्या कॅलिब्रेशनच्या (माहीत तीव्रतेच्या डोपामिनवर केलेल्या मोजणीच्या) जवळपास करंट आला तर इलेक्ट्रोड निर्दोष आहे आणि उतार ऊतीचा.

रेफरन्सची तार

जिवंत प्राण्यावर काम करताना माझा पहिला संशय नेहमी इथे जातो. कारण सगळ्यांचं लक्ष कार्बनवर असतं आणि चांदीची तार सकाळी घाईत बनवलेली असते.

सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्सचं पोटेन्शियल भोवतालच्या क्लोराइडवर ठरतं. क्लोराइड दहापटीने बदललं की सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. बीकरमध्ये ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड भरलेला तयार रेफरन्स वापरून कॅलिब्रेशन केलं आणि मेंदूत नुसती क्लोराइड चढवलेली तार घातली, तर तिथल्या क्लोराइडचं प्रमाण ०.१५ मोलरपेक्षाही थोडं कमी असल्यामुळे डोपामिनचा पीक ७० ते ८० मिलिव्होल्ट डावीकडे दिसतो. हा दोष नाही, अपेक्षित फरक आहे. पण तो माहीत नसेल तर माणूस ‘माझा पीक ०.५३ वर का येतोय’ म्हणून दिवस घालवतो. कॅलिब्रेशनलाही तीच तार आणि मेंदूतल्याएवढं क्लोराइड असलेलं द्रावण वापरलं की हा प्रश्नच उरत नाही.

खरा दोष तेव्हा, जेव्हा पोटेन्शियल रेकॉर्डिंगच्या दरम्यान सरकत जातं. कवटीच्या छिद्रातून तार आत ढकलताना कडेला घासून क्लोराइडचा थर खरवडला जातो आणि उघडी चांदी द्रावणाला लागते. थर पातळ असेल तर तो हळूहळू विरघळतो. ऊतीतली प्रथिनं आणि सल्फर असलेले रेणू चांदीवर बसतात. आणखी एक जागा सहसा कुणी तपासत नाही: तारेचा सोल्डरचा जोड. सलाइन चढत चढत तिथपर्यंत पोचलं की तांबं, कथील आणि चांदी यांचं मिश्र पोटेन्शियल तयार होतं आणि ते मनाला येईल तसं भटकतं. जोडावर इपॉक्सी लावा आणि तो द्रावणापासून लांब ठेवा.

थर चांगला बसला आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. तार आधी बारीक सँडपेपरने चकचकीत करा, बोटं न लावता ब्लीचमध्ये बुडवा. थोड्या वेळाने ती सगळीकडून सारखी, करड्या-जांभळ्या रंगाची व्हायला हवी. मध्येच चांदीचे चकाकणारे ठिपके राहिले असतील तर तिथे बोटाचं तेल होतं. पुन्हा घासा, पुन्हा बुडवा.

तपासणी सोपी आहे. ताजी बनवलेली दुसरी तार सलाइनमध्ये तयार ठेवा. पीक सरकलेले दिसले की फक्त रेफरन्स बदला, बाकी कशालाही हात लावू नका. पीक मूळ जागी परतले तर दोषी सापडला. तार बदलणं शक्य नसेल, तर रेकॉर्डिंग संपल्यावर दोन्ही तारा सलाइनमध्ये घालून त्यांच्यातला व्होल्टेज मल्टिमीटरवर बघा. दोन चांगल्या तारांमध्ये तो काही मिलिव्होल्टच असतो.

पीक सरकल्याने उंची का कमी होते, हेही बघा. वेव्हफॉर्म तेच राहतं, पण रेफरन्स हलल्यामुळे कार्बनला प्रत्यक्षात मिळणारं होल्डिंग पोटेन्शियल (दोन फेऱ्यांमधल्या थांब्याचं) आणि वरची मर्यादा दोन्ही बदलतात. होल्डिंग कमी ऋण झालं की डोपामिन कमी चिकटतं. वरची मर्यादा १.३ च्या खाली आली की पृष्ठभाग स्वच्छ होणं मंदावतं. म्हणजे रेफरन्सच्या दोषाने इलेक्ट्रोडवरही थर बसू लागतो, आणि मग दोन्ही खुणा एकत्र दिसतात. अशा वेळी आधी रेफरन्स सुधारा, नंतर इलेक्ट्रोडचा विचार करा.

पृष्ठभागावरचा थर

ऊतीत शिरल्यापासून काही मिनिटांतच प्रथिनं कार्बनवर बसायला लागतात. शिवाय डोपामिनचं क्विनोन स्वतःच्याच शेपटीशी जोडलं जाऊन वलय बनवतं आणि पुढे मेलॅनिनसारखा पॉलिमर तयार होऊ शकतो. ऊत नसलेल्या बीकरमध्ये जास्त तीव्रतेचं डोपामिन वारंवार सोडलं तरी हा थर बसतो. म्हणून कॅलिब्रेशनला १० मायक्रोमोलरचे डोस देत बसू नका.

१.३ व्होल्टपर्यंत जाण्याचा फायदा इथे होतो. त्या पोटेन्शियलला कार्बनचा वरचा पापुद्रा ऑक्सिडाइज होऊन झिजतो आणि खालचा ताजा कार्बन उघडा पडतो. कढई घासत राहिलं की जळका थर निघतो तसं, फक्त इथे कढईही थोडी थोडी झिजते. १.० व्होल्टवर थांबणाऱ्या वेव्हफॉर्मला ही सोय नाही. तुमचं तसं असेल आणि पीक फाकत असतील तर आधी मर्यादा वाढवून बघा. १.३ असूनही थर बसत असेल तर सेकंदाला ६० फेऱ्या या वेगाने १०–१५ मिनिटं चालवा, मग १० वर आणून बॅकग्राउंड स्थिर होईपर्यंत थांबा. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधीही हेच करावं. तासाभराचा ‘उतार’ अनेकदा निव्वळ एवढ्यामुळे असतो की इलेक्ट्रोड स्थिर होण्याआधीच मोजायला सुरुवात झाली.

१.४ च्या वर जाण्याचा मोह टाळा. संवेदनशीलता वाढते हे खरं, पण डोपामिन इतकं घट्ट चिकटतं की सिग्नल उतरायला वेळ लागतो आणि तुम्ही तो रीअपटेक (पेशींनी डोपामिन परत शोषून घेणं) मंद झाला असं वाचता.

नव्या इलेक्ट्रोडची संवेदनशीलता मुळातच कमी असेल तर वापरण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं ठेवा. त्या अल्कोहोलमध्ये आधी ॲक्टिव्हेटेड कार्बन टाकून त्यातली अशुद्धी शोषून घेतलेली असावी. बाटलीतलं अल्कोहोल तसंच वापरलं तर त्यातला मळ तुमच्या फायबरवर बसतो.

सेरोटोनिन मोजत असाल तर गोष्ट वेगळी आहे. त्याचे ऑक्सिडेशनचे अवशेष डोपामिनपेक्षा कितीतरी जास्त चिकट असतात. म्हणूनच त्याच्यासाठी वेगळं वेव्हफॉर्म वापरतात: ०.२ वरून १.० वर, तिथून उणे ०.१ वर आणि परत ०.२ वर, सेकंदाला १००० व्होल्टने. डोपामिनच्या वेव्हफॉर्मवर सेरोटोनिन मोजून ‘इलेक्ट्रोड टिकत नाही’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

पीक उभा आहे, पण डोपामिनचा नाही

उतार शोधताना उलट बाजूही तपासा. मेंदूत पेशींबाहेर ॲस्कॉर्बिक ॲसिड शेकडो मायक्रोमोलर असतं, डोपामिन मात्र नॅनोमोलरमध्ये. १९७३ साली कॅन्सस विद्यापीठात राल्फ ॲडम्स यांच्या गटाने उंदराच्या मेंदूत पहिल्यांदा इलेक्ट्रोड बसवून सायक्लिक व्होल्टामेट्री केली, तेव्हा त्यांना मिळालेल्या करंटमधला मोठा वाटा ॲस्कॉर्बिक ॲसिडचाच होता. पुढे फ्रान्समध्ये फ्रान्स्वा गोनोन यांनी कार्बन फायबरवर विद्युत-प्रक्रिया करून ॲस्कॉर्बिक ॲसिड आणि कॅटेकॉल (डोपामिनच्या कुळातले रेणू) यांचे पीक वेगळे केले. पन्नास वर्षांपूर्वीची ही अडचण आजही प्रत्येक नव्या सेटअपवर पुन्हा उभी राहते, म्हणून तिचा इतिहास माहीत असावा.

एफएससीव्हीमध्ये ओळखायची खूण येतानाच्या पीकची आहे. ॲस्कॉर्बिक ॲसिड ऑक्सिडाइज झाल्यावर लगेच दुसऱ्याच रेणूत बदलतं, त्यामुळे रिडक्शनचा पीक येत नाही. ऑक्सिडेशनचा उंचवटा आहे आणि परतीच्या वाटेवर सपाट, तर ते डोपामिन म्हणून नोंदवू नका. पीएचचा बदल आणखी फसवा असतो. जिवंत प्राण्यात स्टिम्युलेशननंतर रक्तप्रवाह वाढतो, कार्बन डायऑक्साइड वाहून जातो आणि ऊत काही सेकंदांनी थोडी अल्कधर्मी होते. कार्बनच्या पृष्ठभागावरचे क्विनोनसारखे गट त्यावर प्रतिक्रिया देतात आणि वजाबाकीत रुंद, ढोबळ उंचवटे दिसतात. कलर प्लॉटवर (वेळ, व्होल्टेज आणि करंट एकत्र दाखवणाऱ्या आलेखावर) ते डोपामिनच्या मागून येतात आणि बराच वेळ रेंगाळतात. फक्त ०.६ व्होल्टचा करंट वेळेनुसार काढत असाल तर हे दोन्ही एकमेकांत मिसळतात. पूर्ण सीव्ही बघा.

नॅफिऑन या ऋण भाराच्या पॉलिमरचा लेप ऋण भाराच्या रेणूंना, म्हणजे ॲस्कॉर्बेट आणि डोपॅकला (डोपामिनपासून बनणारा रेणू), दूर ठेवतो. तो पातळ आणि सारखा बसायला हवा, नाहीतर डोपामिनलाही पोचायला उशीर होतो. आणि प्राण्याला वेदनाशामक म्हणून पॅरासिटामॉल दिलं असेल तर त्या दिवशी मोजू नका. ते कार्बनवर स्वतःच ऑक्सिडाइज होतं. ग्लुकोज सेन्सरवाल्यांना पॅरासिटामॉलचा त्रास होतो तो याच कारणाने.

ग्लुटामेट मोजणाऱ्यांसाठी थोडंसं. ग्लुटामेट स्वतः इलेक्ट्रोडवर ऑक्सिडाइज होत नाही, म्हणून ग्लुटामेट ऑक्सिडेज एन्झाइम लावून निघणारं हायड्रोजन पेरॉक्साइड मोजतात. तिथला उतार बहुतेक वेळा एन्झाइमचा असतो. शेजारी एन्झाइमविना तसाच लेप दिलेला दुसरा इलेक्ट्रोड ठेवल्याशिवाय कुठलाही आकडा धरू नका. दोन्हींवर सारखाच दिसणारा बदल ग्लुटामेटचा नाही.

वीस-तीस सेकंदांची लाट

आपल्याकडच्या विजेमुळे येणारी एक खास गोष्ट. करंट वर-खाली अशी हळू लाट मारत असेल आणि स्टिम्युलेशनशी तिचा संबंध नसेल, तर ती मेन्सची, म्हणजे वीजपुरवठ्याची, असू शकते. भारतातला पुरवठा ५० हर्ट्झचा, पण ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान हलत असते. आपण सेकंदाला १० फेऱ्या घेतो आणि ५० ला १० ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे ४९.९५ हर्ट्झची भुणभुण रेकॉर्डिंगमध्ये ०.०५ हर्ट्झची, म्हणजे २० सेकंदांची संथ लाट बनून उतरते आणि हुबेहूब शरीरातल्या बदलासारखी दिसते. फेऱ्यांचा दर तात्पुरता ९.८ करा. लाट सेकंदाला एक अशी भरभर होऊ लागली तर ती मेन्सचीच. मग फॅरडे केजचं (बाहेरची भुणभुण अडवणाऱ्या धातूच्या पिंजऱ्याचं) अर्थिंग एकाच बिंदूला आहे का, पंपाची मोटर आणि हीटर कुठे जोडले आहेत, ते बघत जा.

कॅलिब्रेशनचं द्रावण

शेवटी, कधी कधी उतार मेंदूत नसतोच, सकाळचा आकडाच फुगलेला असतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसलेल्या फॉस्फेट बफरमध्ये संवेदनशीलता जास्त येते. हे आयन कार्बनवरच्या त्याच जागा अडवतात जिथे डोपामिन चिकटतं. म्हणून मेंदूत गेल्यावर करंट पडलेला वाटतो. रेकॉर्डिंगचंच कृत्रिम सेरेब्रोस्पायनल द्रव कॅलिब्रेशनलाही वापरा, त्याच तापमानाला.

डोपामिनचा स्टॉक ०.१ मोलर पर्क्लोरिक ॲसिडमध्ये बनवा, थंड आणि अंधारात ठेवा, आणि वापरण्याआधी लगेच पातळ करा. बायकार्बोनेटच्या द्रावणाला कार्बोजेन चालू ठेवा. तो थांबला की कार्बन डायऑक्साइड निघून जातं, पीएच वाढतो आणि डोपामिन नळीतच ऑक्सिडाइज होतं. द्रावणावर गुलाबी-तपकिरी झाक आली की ते फेकून द्या. आम्लाचं प्रमाण जास्त आणि बफर अशक्त असेल तर डोसबरोबर पीएचही खाली येतो आणि त्याचा करंट डोपामिनमध्ये मिळतो. हे ताडून बघायला तेवढंच पर्क्लोरिक ॲसिड डोपामिनशिवाय सोडा. रेघ सपाट राहायला हवी.

रेकॉर्डिंगनंतरही त्याच इलेक्ट्रोडचं कॅलिब्रेशन करा आणि तीव्रतेसाठी तोच आकडा वापरा, कारण मोजताना इलेक्ट्रोड ज्या अवस्थेत होता तिच्या तो जास्त जवळ असतो. मात्र बाहेर काढल्यावर तो धुऊ नका, अल्कोहोलमध्ये बुडवू नका. आधी मोजा, साफसफाई नंतर.